प्रश्न उद्भवत नाही

खानापुरात तहसील कचेरीसमोर माझं झेरॉक्सचं दुकान.
बाहेर पाटी दोन लिप्यांत;
वर कुठली नि खाली कुठली, यावरून एकदा काच फुटली.
आतलं यंत्र मात्र दोन्ही भाषांना
सारखंच तापतं.

सप्टेंबरात पांगिरवाड्याचा सटूप्पा आला,
चपला हातात, पँट गुडघ्यापर्यंत ओली.
"कन्नडात लिही, बाय. त्यास्नी कळंल असं."
आणि सांगत सुटला:
साकवाचं लाकूड कुजून गेलं,
मष्णूची सून नवव्या महिन्यात
प्लास्टिकच्या खुर्चीला लुगड्यानं बांधून
चौघांनी ओढ्यातनं आणली,
पलीकडं नर्स टॉर्च हलवत उभी,
आणि पोरं श्रावणापासून शाळेत नाहीत.
मी दोन पानं भरली. नुडीत टाइप करताना
"लुगडं" या शब्दापाशी थोडी थांबले.

आमदारांच्या ऑफिसातल्या हिरेमठांनी
दोन्ही पानं लाल पेनानं झोपवली.
माणूस वाईट नव्हे. चहा मागवला, म्हणाले,
"प्रश्नात रडायचं नसतं, ताई.
कथा नको, विशेषण नको.
एकच विषय घ्या, आणि अ, आ, इ, ई करा."

अ) पांगिरवाडा येथील ओढ्यावर साकव नसल्याचे
सरकारच्या गमनक्के बंदिदेये?
आ) असल्यास, काय कारवाई केली?
इ) मंजूर रक्कम किती, खर्च किती?
ई) काम केव्हा पूर्ण होईल?

सून गेली, खुर्ची गेली, टॉर्च विझली.
राहिले चार स्वर,
ओढ्याअलीकडच्या पोरांनी
पाटीवर गिरवायचे राहून गेलेले.

प्रश्नाला चुक्के मिळाली नाही. चुक्के म्हणजे चांदणी.
चांदणीवाल्या प्रश्नाला मंत्री उभे राहतात,
आवाज चढतो, टीव्हीवर दिसतो.
बिनचांदणीच्या प्रश्नाचं उत्तर
छापून, गप, टेबलावर ठेवतात.

डिसेंबरात बेळगावात अधिवेशन भरलं.
हलग्याच्या माळावर सौध रात्रभर उजेडात,
खाली तंबूतंबूतून वेगवेगळ्या मागण्यांचा खोकला.
बाराव्या दिवशी हिरेमठांनी कागद पाठवला.

अ) बंदिरुवुदिल्ल.
आ) साकवाचे काम मागील मार्चमध्ये पूर्ण झाले आहे.
इ) अठरा लाख चाळीस हजार. संपूर्ण खर्च.
ई) प्रश्न उद्भवत नाही.

सटूप्पानं तीनदा वाचून घेतलं.
मला वाटलं आता शिवी येणार.
"खाली सही कुणाची?"
मंत्र्यांची, म्हटलं.
"म्हंजे हे त्यांनी बोललेलं. आता न्हाई म्हणता येत न्हाई?"
नाही येत.
"मग ह्याला प्लास्टिक चढव."

लॅमिनेशनचे वीस रुपये मी घेतले नाहीत.
दुसऱ्या दिवशी मोबाइलवर फोटो आला:
अलीकडं सटूप्पा, हातात चकाकणारा कागद,
पलीकडं मष्णूची सून, कडेवर पोर,
आणि मधे अठरा लाख चाळीस हजारांचं
निवळशंख पाणी.

आठवड्याच्या आत एक इंजिनिअर दुकानात आला.
झेरॉक्स काहीच काढायचं नव्हतं.
उगीच पेनं बघितली, मग हळूच विचारलं,
"ती कॉपी तुमच्याकडे कशी आली?"
इतकी वर्षं आम्ही कचेरीत जाऊन
असंच, हळूच, विचारत आलो.
मी म्हटलं, साहेब, ती छापील आहे. सगळ्यांकडे आहे.

काल पुढच्या अधिवेशनाचा प्रश्न टाइप केला.
अ) सदर साकव कुठे आहे?
एवढाच.
हिरेमठांनी लाल पेनाचं टोपण काढलं,
बराच वेळ धरलं,
आणि परत लावलं.

साकव अजून नाही. ओढा आहे.
सटूप्पा बाकावर बसून विचारतो,
"आता कुठं भरणार ते? हितंच?"
बेंगळूरला.
"मग रातची गाडी कितीला हाय?"